मणक्याचं ऑपरेशन आणि नंतर लघवी अडकणे: आधीपासून गोळी घेऊन टाळता येतं का?

रानजाई

नमस्कार. माझ्या बाबांचं (वय ६८) मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. कमरेच्या एल४-एल५ मणक्यांपाशी नस दबलीय, थोडं चाललं की पाय जड होतात आणि बसावं लागतं. दोन डॉक्टरांचं मत घेतलं, दोघांनीही ऑपरेशनच सांगितलं, त्यामुळे त्याबद्दल आता शंका नाही.

प्रश्न दुसराच आहे. काही वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन छान झालं, पण रात्री लघवीच होईना. ओटीपोट टणक झालं होतं, बाबा तळमळत होते आणि ड्यूटीवरचे सांगत होते, "भूल उतरली की होईल." पहाटे कधीतरी नळी घातली तेव्हा बॅग भरत भरत लिटरच्या पुढे गेली. नळी घेऊनच घरी आलो. मग जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप, पुन्हा अ‍ॅडमिट. आता बाबांना मणक्याच्या ऑपरेशनपेक्षा या गोष्टीची जास्त धास्ती आहे.

हे सगळं या वेळच्या सर्जनना सांगितलं. त्यांनी टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली, ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून, रात्री जेवणानंतर. आता शेजारचे काका म्हणतात की ही तर प्रोस्टेटची गोळी, मणक्याला कशाला? बाबांना बीपीची गोळी चालू आहे, साखर काठावर आहे. रात्री लघवीला दोन-तीनदा उठतात, धार बारीक आहे, पण "या वयात व्हायचंच" म्हणून कधी दाखवलेलं नाही.

या गोळीने खरंच फरक पडतो का? आणखी काय विचारून घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

कृष्णाकाठ

रानजाई, बाबांची धास्ती मला अगदी कळते. माझंही मणक्याचं ऑपरेशन झालंय, वय तुमच्या बाबांच्या आसपासच. कमरेचं दुखणं सहन होतं, पण लघवी अडकण्याच्या कळा सहन होत नाहीत. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात, तेव्हा हर्नियाच्या वेळचा प्रसंग त्यांना आवर्जून सांगा. सर्जनला सांगितलंय म्हणून गप्प बसू नका. फाइलवर लिहिलेलं असतंच असं नाही. आणि बाबा घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही एकदा काढून बघा.

माणदेशी

मी भूलतज्ज्ञ आहे, मणक्याच्या ऑपरेशनला बऱ्याचदा भूल देतो, म्हणून सविस्तर लिहितो. इथलं वाचून कुणी गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नये, ही विनंती.

मूत्राशय रिकामं व्हायला दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. पिशवीचा स्नायू आवळला पाहिजे आणि तोंडाशी असलेला स्नायू सैल पडला पाहिजे. आवळण्याचा हुकूम कमरेखालच्या एस२ ते एस४ या नसांमधून येतो. तोंड घट्ट धरून ठेवण्याचं काम सिम्पथेटिक नसा करतात, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसा. पिशवीच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये अल्फा-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे या नसांचा निरोप घेणाऱ्या जागा असतात, त्यांच्यामार्फत तो स्नायू आवळला जातो. ऑपरेशनचा ताण आणि वेदना यांमुळे नेमक्या याच नसा चेकाळतात. टॅमसुलोसिन हे रिसेप्टर अडवतं, म्हणजे दार ढिलं करतं. शेजारच्या काकांचं म्हणणं बरोबर आहे, गोळी प्रोस्टेटचीच आहे. पण बाबांच्या बारीक धारेचं आणि रात्रीच्या उठण्याचं कारणही बहुधा तिथेच आहे. पन्नाशीत साधारण निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते. एरवी ते कसंबसं निभावतं, ऑपरेशननंतर निभावत नाही.

कारण दुसऱ्या बाजूला आम्ही पिशवीचा आवळणारा स्नायू मंद करत असतो. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल ही वेदनाशामकं पिशवी भरल्याची जाणीव बोथट करतात आणि तिचं आकुंचनही कमी करतात. भूल उतरवताना स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम काढायला निओस्टिग्मिन देतात, त्याच्याबरोबर ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, तेही पिशवीला ढिलं पाडतं. त्यात सलाइन भरपूर गेलेलं असतं, रुग्ण पाठीवर आडवा, पोट साफ नाही, आणि परक्या खोलीत सगळ्यांसमोर बेडवर लघवी करायची! पिशवीत साधारण ४०० ते ६०० मिली मावतं. त्यापलीकडे ती तासन्‌तास ताणलेली राहिली तर स्नायूच थकतो, आणि मग अडथळा दूर झाला तरी पिशवी जोर लावत नाही. बाबांच्या वेळी लिटरच्या पुढे गेलं होतं, म्हणूनच नंतर नळी ठेवावी लागली असणार.

टॅमसुलोसिन रोज एकदा घेतलं की रक्तातली पातळी पाचव्या दिवसापर्यंत स्थिर होते. आठवडाभर आधी सुरू करण्यामागे हा हिशेब आहे. शिवाय चक्कर येण्यासारखा त्रास व्हायचाच असेल तर तो घरीच लक्षात येतो. ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा उभं राहताना तो कळायला नको.

गवतीचहा

छान माहिती. मग ही गोळी मणक्याच्या सगळ्याच पेशंटना का देत नाहीत? आणि आमच्याकडे लघवी साफ होण्यासाठी धण्याचं पाणी, जवाचं पाणी देतात. ऑपरेशनच्या आधी दिलं तर?

माणदेशी

गवतीचहा, पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. टॅमसुलोसिन बाजारात येऊन पाव शतक उलटलं. प्रोस्टेटमुळे लघवी अडकून नळी घातलेल्या पुरुषांमध्ये अल्फा ब्लॉकरचा (अल्फा रिसेप्टर अडवणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या औषधांचा) फायदा चांगला सिद्ध झालेला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे आकडे माझ्या लक्षात आहेत. नळी काढल्यावर आपोआप लघवी होण्याचं प्रमाण टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत ४८ टक्के होतं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २६ टक्के. अल्फुझोसिन या त्याच गटातल्या औषधाच्या अभ्यासात ६२ विरुद्ध ४८. पण हे आधीच अडकलेल्या लोकांचं झालं.

ऑपरेशनच्या आधीच गोळी देऊन अडकणं टाळणं हा वेगळा प्रश्न आहे. तिथे निष्कर्ष एकसारखे नाहीत. हर्निया वगैरे ऑपरेशनांत काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये सरसकट सगळ्या पुरुषांना गोळी देऊन ठळक, खात्रीशीर फरक दिसलेला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. गोळी फक्त दार ढिलं करते. पिशवी मॉर्फिनने सुस्तावली असेल किंवा एस२-एस४च्या नसाच दुखावल्या असतील, तर दार उघडं असून काय उपयोग? म्हणून सरसकट नाही, पण ज्याला प्रोस्टेटची लक्षणं आहेत आणि आधी एकदा अडकलेलं आहे अशा माणसाला देणं हे मला पटतं. रानजाईंचे बाबा नेमके त्यात बसतात.

धण्याचं पाणी एरवी खुशाल घ्या. पण लघवी होत नसताना पाणी वाढवत जाणं घातक आहे, दाराशी अडलेलं असताना पिशवी आणखी फुगते. आणि ऑपरेशनच्या आधी उपाशी राहण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्याच पाळायच्या.

वाटाड्या

मला गोळीची दुसरी बाजू मांडायची आहे. माझ्या काकांना हीच गोळी सुरू केली होती. रात्री लघवीला उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले, कपाळाला टाके पडले. ज्याच्या मणक्यात नुकतेच स्क्रू बसवलेत तो असा पडला तर? जोखीम कुणी समजावून सांगत नाही.

माणदेशी

वाटाड्या, अगदी योग्य मुद्दा, आणि तो रानजाईंच्या बाबांना लागू आहे कारण बीपीची गोळी चालू आहे. प्राझोसिन, टेराझोसिन या जुन्या औषधांच्या मानाने टॅमसुलोसिनने बीपी तितकं उतरत नाही, तरी उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. म्हणून ती जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. उपाशीपोटी घेतली तर रक्तातली पातळी जास्त चढते. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला थोडं बसायचं. लैंगिक ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी कुणी घेत असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगायचं, दोन्ही मिळून बीपी घसरतं. नाक चोंदणं आणि वीर्य बाहेर न येणं हेही होऊ शकतं. गोळी थांबली की ते जातं, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

अजून एक. बाजारात टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूलही मिळते. ड्युटास्टेराइड प्रोस्टेटचा आकार कमी करतं, पण त्याचा परिणाम दिसायला महिनोन्‌महिने लागतात, ऑपरेशनपुरता त्याचा काही उपयोग नाही. केमिस्टकडून घेताना नाव नीट वाचून घ्या.

ओवी

मी वॉर्डात सिस्टर आहे. गोळीइतकंच, किंबहुना जास्तच, नंतरच्या काही तासांवर अवलंबून असतं.

ऑपरेशन लांबलं तर थिएटरमध्येच नळी घालतात. ती कधी काढणार हे राउंडच्या वेळी विचारा. पेशंट चालू लागेपर्यंत राहू दे, रविवार आहे म्हणून राहू दे, असं नको. नळी राहील तितक्या दिवसांनी जंतुसंसर्गाची शक्यता वाढत जाते. पण काढली आणि विसरलं असंही नको. आम्ही शक्यतो सकाळी लवकर काढतो, म्हणजे दिवसाउजेडी कळतं, डॉक्टर हजर असतात. काढल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर पहिली लघवी कधी झाली आणि किती झाली तेही लिहा. "झाली" एवढं पुरेसं नाही. दर अर्ध्या तासाला पन्नास-पन्नास मिली होत असेल तर ते बरेचदा भरलेल्या पिशवीतून वरवर सांडणं असतं, आणि नातेवाईक खूश होतात की होतेय बाबा लघवी!

सहा ते आठ तासांत काहीच झालं नाही, तर पेशंटला कळ येवो न येवो, पिशवीत किती आहे ते बघायला सांगा. मोठ्या हॉस्पिटलात ब्लॅडर स्कॅनर असतो, ओटीपोटावर ठेवला की मिलीमध्ये आकडा येतो. नसेल तर साध्या सोनोग्राफीवर लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार करतात आणि ०.५२ने गुणतात. तालुक्याच्या ठिकाणी एक अडचण येते. पीसीपीएनडीटी कायद्यामुळे (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेबाहेर हलवता येत नाही, त्यामुळे ऐनवेळी बाहेरून मागवू असं होत नाही. हॉस्पिटलात सोय आहे का हे आधीच विचारून ठेवा. पिशवीत ४००-५०० मिलीच्या वर असेल आणि लघवी होतच नसेल, तर एकदा नळी घालून रिकामी करून लगेच काढता येते. प्रत्येक वेळी बॅग लावून ठेवायलाच पाहिजे असं नाही.

नळ सोडून ठेवणं, पायावर कोमट पाणी घालणं, आम्ही हे सगळं करतो, त्यात वाईट काही नाही. फक्त त्यात तास घालवायचे नाहीत.

निशिगंध

हे सगळं पुरुषांबद्दल झालं. माझ्या आईचं (६१, मधुमेह, इन्शुलिन) मणक्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तिलाही ही गोळी मागू का?

माणदेशी

निशिगंध, बायकांना प्रोस्टेट नसते आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा रिसेप्टरही कमी असतात, त्यामुळे या गोळीचा आधार त्यांच्यासाठी फारच कमी आहे. मी मागणार नाही. पण आईला धोका नाही असं समजू नका. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पिशवीच्या नसा कमजोर होतात, पिशवी भरूनही जाणीव होत नाही. त्यांची ऑपरेशनआधीच एक सोनोग्राफी करून घ्या, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरतं ते बघायला. सोबत लघवीची तपासणी. तिथे जंतुसंसर्ग निघाला तर आधी तो बरा करायचा, मग मणक्याला हात लावायचा.

रानजाई

खूप आभार. ओवी, तुम्ही लिहिलेलं सगळं वहीत उतरवलं. कृष्णाकाठ यांच्या सांगण्यावरून बाबांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट बघितलं. बीपीची आहे. पायातल्या मुंग्यांसाठी गेल्या वर्षी दिलेली प्रेगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी रोज रात्री चालू आहे, डॉक्टरांच्या यादीत तिचं नावच नाही. शिवाय सर्दीची एक गोळी, बाबा हवा बदलली की स्वतःच घेतात. यांचा काही संबंध?

माणदेशी

रानजाई, संबंध आहे, आणि पाकिटं तपासलीत हे फार चांगलं केलंत. नॉरट्रिप्टिलिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं नसांच्या दुखण्यावर देतात. कंबरदुखीच्या पेशंटच्या औषधांत ती हमखास सापडतात. ती मूत्राशयाच्या पिशवीचा आवळणारा स्नायू ढिला करतात. आधी वाढलेली प्रोस्टेट, त्यात हे औषध, त्यावर आमचं ग्लायकोपायरोलेट. सर्दीच्या गोळीत बहुतेकदा क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पहिलं पिशवीला सुस्त करतं, दुसरं दार आवळतं, म्हणजे टॅमसुलोसिनच्या बरोबर उलट. एका हाताने गोळी देऊन दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसल्यासारखं होईल. सर्दीची गोळी बंदच करा. नॉरट्रिप्टिलिन मात्र स्वतःहून एकदम तोडू नका. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना पाकीट दाखवा, ते कमी करायची की बदलायची ते ठरवतील. पोटात कळ आली म्हणून डायसायक्लोमिन किंवा हायोसिन देतात, तेही याच जातीतलं, ऑपरेशननंतरच्या दिवसांत कुणी दिलं तर विचारा.

गोळी देऊन टाळण्याइतकंच, किंवा माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाचं आहे ते नको ती औषधं काढून टाकणं. भूलतज्ज्ञांशी दोन गोष्टी बोलता येतील. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, जखमेत सुन्न करणारं इंजेक्शन वगैरे वापरून मॉर्फिन-ट्रामाडॉल कमीत कमी ठेवता येईल का. आणि भूल उतरवायला सुगामाडेक्स वापरता येईल का. ते विशिष्ट स्नायू-शिथिलकांवरच चालतं आणि महाग पडतं, पण त्याच्याबरोबर ग्लायकोपायरोलेट द्यावं लागत नाही आणि लघवी अडकण्याचं प्रमाण कमी राहतं असं दिसलं आहे. प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही, विचारायला हरकत नाही.

शिरीषफूल

फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडी भर. पुरुषांना आडवं राहून लघवी होणं मुळातच अवघड असतं. ऑपरेशनच्या आधीच घरी सराव करून घ्या. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम कुशीला वळवायची, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठून बसायचं, कमरेला पीळ न देता. हे जमलं की सर्जनने परवानगी दिल्याबरोबर पॉट घेऊन कडेला बसून किंवा धरून उभं राहून लघवी करता येते. पडदा ओढून घ्या, नातेवाइकांनी बाहेर थांबा. पोट साफ राहण्यासाठीही पहिल्या दिवसापासून काहीतरी लिहून घ्या, भरलेलं आतडं मूत्रमार्ग दाबतं.

अपवाद एकच. नसांभोवतीच्या आवरणाला ऑपरेशनमध्ये छेद गेला असेल तर काही काळ सपाट झोपवून ठेवतात. तेव्हा उठायचा हट्ट करू नका.

सह्यकडा

मणक्याचा सर्जन. चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती राहून जाऊ नये. मणक्याच्या ऑपरेशननंतर लघवी अडकली म्हणजे प्रत्येक वेळी भूल किंवा प्रोस्टेटच असं नाही. ऑपरेशनच्या जागी रक्त साठून कमरेखालच्या नसांचा पूर्ण जुडगा दाबला जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर ताबडतोब एमआरआय आणि गरज पडल्यास परत थिएटर. त्यात तास मोजावे लागतात.

म्हणून लघवी होत नसेल तर नातेवाइकांनी सोबत हे विचारायचं. गुदद्वाराभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला, जननेंद्रियाजवळ बधिर वाटतंय का? पुसताना हात लावल्याचं कळतं का? पायांतली ताकद सकाळपेक्षा कमी झालीय का, दोन्ही पायांत? शौचावरचा ताबा गेलाय का? कमरेत आणि पायांत एकाएकी भयंकर कळा सुरू झाल्यात का? यातलं एकही "हो" असेल तर गोळीची वाट बघू नका, रात्रीचे किती वाजलेत ते बघू नका, सर्जनला फोन करायला लावा. टॅमसुलोसिन चालू असलं तरी हे तपासायचंच.

रानजाई

सर्वांना कळवायला आलेय. बाबांचं ऑपरेशन झालं, पायांतला जडपणा पुष्कळ उतरलाय. नॉरट्रिप्टिलिन सर्जननी हळूहळू कमी करून आधीच बंद केली होती. टॅमसुलोसिनने सुरुवातीला एकदा उठताना गरगरलं, मग भूलतज्ज्ञांनी बीपीच्या गोळीची वेळ बदलली.

नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. दुपारपर्यंत काही नाही, बाबांचा चेहरा उतरलेला. सिस्टरनी पॉट दिला, पडदा लावला, मी बाहेर. पहिल्यांदा १२० मिली झाली. स्कॅनरवर आत ३१० उरलेलं दिसलं. मी घाबरले, पण बधिरपणा नव्हता, पाय व्यवस्थित हलत होते, डॉक्टर म्हणाले थांबू या, दोन तासांनी परत बघू. फिजिओंनी धरून उभं केलं, तेव्हा एकदम २८० झाली! संध्याकाळी आत ९० उरलं होतं. नळी परत घालावी लागली नाही. बाबा रात्री शांत झोपले.

आता प्रश्न असा की घरी आल्यावर गोळी किती दिवस चालू ठेवायची? डिस्चार्ज कार्डावर महिना लिहिलंय.

माणदेशी

फार आनंद झाला वाचून. ३१० बघून कुणी घाईने नळी घातली नाही आणि दुर्लक्षही केलं नाही, हे उत्तम झालं.

कार्डावर आहे तसं महिना चालू द्या, पण त्या महिन्यात बाबांना युरॉलॉजिस्टकडे न्या. धार बारीक होती, रात्री उठणं होतं, हे ऑपरेशनच्या आधीचंच दुखणं आहे. तिथे सात प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतात, ० ते ३५ गुण. ८च्या पुढे असेल तर उपचाराचा विचार करतात. गोळी पुढे चालवायची का ते त्यावरून ठरेल.

कृष्णाकाठ

रानजाई, बाबांना माझा नमस्कार सांगा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय की व्हायचंय? माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला टॅमसुलोसिनबद्दल मुद्दाम विचारलं होतं.

माणदेशी

बरं झालं आठवण केलीत. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये नीट मोठी होत नाही, बुबुळाचा पडदा ढिला पडून हलतो. २००५ साली हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं. गोळी बंद करून बराच काळ लोटला तरी हे होऊ शकतं. सर्जनला माहीत असेल तर ते तयारी ठेवतात आणि ऑपरेशन नीट होतं. त्यामुळे रानजाई, गोळी बंद झाली तरी तिचं नाव आणि कधीपासून कधीपर्यंत घेतली ते बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

रानजाई

मोतीबिंदू व्हायचाय, एका डोळ्याचा पिकत आलाय. आत्ताच लिहिते.